सुमित्राबाईचे झिंगे

मोहर्लीत आता जेवायला काय मिळत नाही ते विचारा. लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा मिळतो, जपानी नाव असलेला भात मिळतो, कॉफीच्या फेसावर वाघाचा पंजा काढून देणारी जागासुद्धा आहे. मुंबई-पुण्याची, हैदराबादची मंडळी दोन दिवस येतात, चार वेळा जंगलात जातात आणि सहा वेळा जेवतात. म्हणजे खरं पाहिलं तर वाघापेक्षा आमचंच काम जास्त. पण फोटो वाघाचा निघतो, वरणाचा कोणी काढत नाही.

मी तिथल्या एका रिसॉर्टच्या मुदपाकखान्यात एकवीस वर्षं काढली. लागलो तेव्हा भांडी घासायला होतो आणि निवृत्त झालो तेव्हा पांढऱ्या कोटावर ‘हेड शेफ’ असं शिवलेलं होतं. मधल्या पायऱ्या सांगत बसत नाही, त्यात कोणाला रस असणार? माझे वडील वनखात्याच्या विश्रामगृहात खानसामा होते. साहेब लोकांची कोंबडी ते करत. पण गावातल्या लग्नात त्यांना चुलीजवळ कोणी फिरकू दिलं नाही. आम्ही बौद्ध. छप्पनच्या आधी आम्हाला काय म्हणत ते मोहर्लीच्या पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि छप्पननंतरही कोणी विसरलं नव्हतं. साहेबाला माझ्या बापाच्या हातचं चालायचं, पाटलाला नाही. त्यामुळे स्वयंपाक हा आमच्या घरात नुसता धंदा नव्हता, अभिमानाचा विषय होता. या अभिमानानं पुढे माझ्या हातून काय करवलं, तेच आज लिहायला बसलोय.

आधी धंद्याविषयी थोडं सांगतो, नाहीतर बाहेरच्या वाचकाला कळायचं नाही.

जंगलातल्या हॉटेलचा स्वयंपाक आणि शहरातल्या हॉटेलचा स्वयंपाक यात एकच फरक असतो. शहरात जेवण चांगलं झालं की गिऱ्हाईक खूश होतं. आमच्याकडे वाघ दिसला की जेवण चांगलं होतं. सकाळच्या फेरीच्या जिप्सी साडेदहाच्या सुमारास फाटकातून आत आल्या की मी मागच्या खिडकीत उभा राहायचो. ड्रायव्हर लोक माझ्याकडे बघून एक बोट वर करायचे, म्हणजे वाघ दिसला. दोन बोटं म्हणजे बछडेही दिसले. मूठ दाखवली की समजायचं, नुसती हरणं आणि धूळ. मूठ आली की मी लगेच कढई चढवायचो. त्या गाडीच्या टेबलावर गरम भजी, पापड जास्तीचे आणि मागितले नसले तरी गुलाबजाम जायचे. एवढं करूनही कोणी ना कोणी म्हणायचंच, की पोहे कोरडे आहेत. वाघानं दर्शन दिलं नाही त्याचा राग पोह्यांवर निघायचा, आणि आम्ही हात जोडून ‘सॉरी सर’ म्हणायचो. दोन बछडे पाहून आलेल्या एका गृहस्थांनी मात्र आदल्या दिवशीचं, जरा आंबूस लागत असलेलं दही चाटून पुसून खाल्लं आणि मला बोलावून हात मिळवला. असं दही आपण आयुष्यात खाल्लं नाही म्हणाले. खोटं नव्हते बोलत.

तर अशा धंद्यात दुसरा एक प्रश्न रोज यायचा. दोन दिवस पनीर आणि दाल मखनी खाऊन कंटाळलेला पाहुणा हळूच विचारायचा, “शेफ, इथलं काही मिळेल का? गावाकडचं? कुठे जाऊ?”

मी सुरुवातीला मोठ्या आनंदानं सांगायचो. “फाटकातून निघा, शाळेच्या मागे जा, कौलांवर भोपळ्याचा वेल चढलेला दिसेल. तिथे सुमित्राबाई आहे.”

सुमित्राबाई ढिवर समाजाची. नवरा तळ्यावर जाळं टाकायचा, ती मासळी विकायची आणि ओसरीत चार बाकडी टाकून खानावळ चालवायची. पाटी नव्हती, मेनू नव्हता. जे जाळ्यात आलं ते पातेल्यात. पण पावसाळा लागल्यापासून थंडी संपेपर्यंत तिच्याकडे एक पदार्थ हमखास असायचा, अंबाडीतले झिंगे. झिंगे म्हणजे आमच्या तळ्यातली बोटाच्या पेराएवढी कोळंबी. ती खापरावर कोरडी भाजायची, लाल होईस्तोवर, डोक्यासकट. मग पाट्यावर वाटलेली मिरची आणि लसूण, जवसाचं तेल, आणि आंबट अंबाडीची पानं. बरोबर तांदळाची भाकर किंवा नुसता भात. पहिला घास घेतला की डोळ्यांत पाणी यायचं, दुसऱ्या घासाला नाक वाहायचं आणि तिसऱ्यानंतर माणूस बोलायचाच बंद व्हायचा.

सुमित्राबाईची खानावळ खरी भरायची ती पावसाळ्यात, पाहुणे नसताना. जुलै लागला की जंगल बंद व्हायचं. रिसॉर्टवाले आम्हाला घरी बसवायचे. ड्रायव्हर, गाईड, वेटर, माळी, आम्ही आचारी, सगळे तीन महिने मोकळे. तेव्हा गावात एक रीत पडली होती. कोणी कधी ठरवली माहीत नाही. दुपारी ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन सुमित्राबाईकडे जायचं. कोणी पायलीतले तांदूळ, कोणी मूठभर लाखोळीची डाळ, कोणी रानातून काढलेल्या सात्या, म्हणजे अळंबी, कोणी नुसता सरपणाचा भारा. ती सगळं एकत्र करून रांधायची आणि सगळे एका पंगतीत जेवायचे. कोणी काय आणलं हे कोणी बघत नसे. काही न आणता आलेल्याला ती म्हणायची, “जा, पाणी भरून आण,” म्हणजे त्याचाही वाटा झाला.

मी पहिल्या पावसाळ्यात गेलो तेव्हा ओसरीच्या अगदी कडेला बसलो होतो. सवयच तशी. झिंगे खाल्ले आणि राहवलं नाही. आत चूल पेटलेली दिसत होती. मी बाहेरूनच विचारलं, “बाई, हे कसं करता?”

“बायेरून सांगून समजन काय? आत ये.”

मी उठलो आणि उंबऱ्याशी थांबलो. चुलीच्या बाजूला तिची म्हातारी सासू बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण माझ्या बापानं असं पुटपुटणं आयुष्यभर ऐकलं होतं, त्यामुळे अर्थ लागला.

सुमित्राबाईनं मागे वळूनही पाहिलं नाही. “काऊन थांबला भाऊ? चूल आतमंधी हाये, उंबऱ्यावर नाई.” मग सासूला म्हणाली, “शिकाले आला हाये तो. चुलीपाशी आलेल्या माणसाले नाई म्हणाव नाई, माही माय सांगे.”

मी आत गेलो. दुसऱ्या जातीच्या घरात चुलीशेजारी बसण्याची माझी ती पहिली वेळ होती. वय तेव्हा अडतीस. तिनं मला पाटा दिला आणि म्हणाली, वाट. मिरची वाटताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते मिरचीचंच आहे असं मी सगळ्यांना वाटू दिलं. त्या तीन महिन्यांत तिनं मला सगळं शिकवलं. अंबाडी केव्हा कोवळी आणि केव्हा जून, झिंगे भाजताना खापरावरून आवाज कसा बदलतो, मीठ कधी घालायचं. काही लपवलं नाही. तिची मुलगी वनिता तेव्हा शाळेत होती, ती मला मामा म्हणू लागली ती कायमचीच.

मुलीला मात्र बाईनं चुलीशी बसवलं नाही. म्हणायची, “तिले कायले? ते शाळा शिकन, नोकरी करन.” वनिता दहावी झाली, लग्न होऊन वरोऱ्याला गेली. आईचा स्वयंपाक आईजवळच राहिला. आणि माझ्याजवळ.

आठ-नऊ वर्षं सगळं सुरळीत चाललं. मी पाहुण्यांना तिच्याकडे पाठवत होतो, ते येऊन तोंड भरून सांगत होते आणि मलाही उगीच मोठेपण वाटत होतं. मग आमच्या रिसॉर्टला नवे मॅनेजर आले. नागपूरचे, तरुण, बोलायला गोड. त्यांनी एका दुपारी पाहिलं की बारा टेबलांपैकी पाच रिकामी आहेत आणि पाहुणे फाटकाबाहेर पायी चालले आहेत.

“धनराजजी, गेस्ट कुठे जातात?”

मी सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी स्वतः जाऊन खाल्लं. घाम पुसत परत आले आणि म्हणाले, “हे आपल्याकडे मिळायला पाहिजे. त्या बाईंनाच बोलवू या का कामाला? सीझनभर. चांगला पगार देऊ.”

आता नीट ऐका, कारण हीच ती जागा आहे. त्या माणसानं चांगली गोष्ट सुचवली होती. सुमित्राबाई आली असती तर पगार मिळाला असता, पावसाळ्यात तिची चूल तिच्याजवळच राहिली असती. पण माझ्या डोळ्यांसमोर चित्र आलं ते वेगळंच. माझ्या मुदपाकखान्यात ती उभी आहे, पाहुणे तिला भेटायला आत येत आहेत, तिच्यासोबत फोटो काढत आहेत, आणि मी कांदा चिरतो आहे. एवढी वर्षं भांडी घासून, बोलणी खाऊन मी त्या चुलीचा मालक झालो होतो. मी म्हणालो, “त्यांना कशाला त्रास? मला येतं.”

येतच होतं मला. तिनंच शिकवलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मेनूवर ‘जंगल झिंगा’ आला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा मी त्या पदार्थावर बसलो. पहिल्या दिवशी मी अगदी तिच्यासारखाच केला होता. मला आठवतं, एका जोडप्यानं बोटं चाटली आणि मला बाहेर बोलावून टाळ्या वाजवल्या. माझा बाप विश्रामगृहाच्या मागच्या दारानं आत-बाहेर करत मेला, आणि मी समोरच्या दारात उभा राहून टाळ्या घेत होतो. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

पण रिसॉर्टचं जेवण म्हणजे तक्रारीचं जेवण. आमच्याकडे प्रत्येक तक्रार एका वहीत लिहिली जाते आणि तिच्यावर काहीतरी करावं लागतं. पहिल्या हंगामात मुंबईच्या एक बाई ताट दूर सारून म्हणाल्या, “शेफ, हे माझ्याकडे बघतायत.” झिंग्यांचे डोळे. दुसऱ्या दिवसापासून डोकी काढून टाकली. खरा रस डोक्यातच असतो, पण बाईंना झोप लागली पाहिजे. मग एक कुटुंब आलं, मुलांना तिखट लागलं, मिरची निम्मी केली. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ फार सभ्य होते. त्यांनी मला शेजारी बसवून आपल्या पित्ताचा सगळा इतिहास सांगितला आणि विचारलं, “यात चिमूटभर गूळ चालेल का हो?” चालेल म्हणालो. त्यांच्यासाठी अंबाडी आधी उकळून पाणी फेकायला लागलो, आंबटपणा गेला. जवसाच्या तेलाचा वास येतो म्हणून साधं तेल आलं. शेवटी मॅनेजर म्हणाले, फोटोत रंग काळपट दिसतो. त्यावर मलई आली.

यातलं काहीही एका दिवसात झालं नाही. सहा-सात हंगाम लागले. दर वेळी फक्त एकच गोष्ट बदलायची, आणि एका गोष्टीनं काय होतं असंच वाटायचं. तक्रारी बंद झाल्या. शेजारच्या दोन रिसॉर्टांनी माझ्या हाताखालचे आचारी पळवले, त्यांच्याकडेही ‘जंगल झिंगा’ सुरू झाला. मग बाहेर जायचं कारणच कोणाला उरलं नाही. “इथलं काही मिळेल का?” असं विचारलं की वेटर म्हणायचा, आपल्याकडेच आहे सर.

सुमित्राबाई मासळी द्यायला आमच्या मागच्या दारी यायचीच. एका दुपारी कामाची गर्दी ओसरली होती. मी वाटीत झिंगे घालून तिच्यापुढे केले. का केले? शाबासकी हवी होती, दुसरं काय. ती पायरीवर बसली, पदरानं हात पुसले आणि सावकाश खाल्लं. शेवटपर्यंत खाल्लं.

“चांगलं हाये भाऊ,” ती म्हणाली. “पाव्हण्याईले झेपते असं.”

“तुमच्यासारखं झालं काय?”

“माह्यासारखं काऊन पाह्यजे? माह्यासारखं तं माह्या घरी भेटते.” तिनं वाटी धुऊन पालथी घातली. “फक्त आता तिथी कोणी येत नाई.”

ती रागानं बोलली असती तर मी काही उत्तर दिलं असतं. पाहुण्यांचे, मॅनेजरचे, हंगामाचे बहाणे माझ्याजवळ तयार होते. पण ती तक्रार करत नव्हती, नुसतं सांगत होती, तळ्याला पाणी कमी आहे म्हणून सांगावं तसं. मी म्हणालो, “येतील बाई, पुढच्या सीझनला येतील.” ती बरं म्हणून टोपलं डोक्यावर घेऊन गेली.

पुढच्या सीझनला कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नवरा गेल्यावर तिला जाळ्यावर जाणारं घरात कोणी उरलं नाही. बाकडी तशीच ओसरीत पडून होती, त्यांवर कोंबड्या बसायच्या. तरी पावसाळ्यातली पंगत तिनं दोन वर्षं चालवली. मग तीही बंद झाली. पाहुण्यांच्या दिवसांत चूल पेटत नसली तर पावसाळ्यात ती कशावर पेटवायची? एका जुलैत आम्ही सगळे नेहमीसारखे तांदूळ, सरपण घेऊन गेलो, तर दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, वनिता येऊन घेऊन गेली, वरोऱ्याला. आम्ही सात-आठ जण ओसरीत भिजत उभे राहिलो. एक गाईड माझ्याकडे बघून म्हणाला, “वस्ताद, आता तुम्हीच करा ना.” मी म्हणालो, माझ्या घरी जागा नाही. सगळे आपापले तांदूळ घेऊन घरी गेले. तेव्हापासून पावसाळ्यात जो तो आपल्या घरी जेवतो.

मी तिला वरोऱ्याला भेटायला जाईन जाईन म्हणत राहिलो. मोहर्लीहून चंद्रपूर, तिथून तासाभराचा रस्ता, बसही कितीतरी. जाववलं नाही. ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी निवृत्त होऊन चंद्रपुरात मुलाकडे राहायला आलो होतो. तेव्हा गेलो, सगळ्यांसोबत बसलो, परत आलो. वनितानं चहा दिला आणि म्हणाली, “आई तुमची लय आठवण काढे, मामा. म्हणे, धनराजभाऊनं माहं नाव मोठं केलं.”

गेल्या भाद्रपदात वनिताचा पुन्हा फोन आला. तिची मुलगी साक्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना होता. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, डॉक्टरांनी वजन वाढवायला सांगितलं होतं.

“एकच म्हणून राह्यली मामा, आजीचे झिंगे पाह्यजे. लहानपणी तिथीच तं वाढली ना ते, सुट्ट्या लागल्या की आईजवळ. मी करून पाह्यले दोनदा, पण जमून नाई राह्यले. आई होती तवा शिकली नाई, वाटे आहेच ना ते. आता तुमच्याशिवाय कोणाले येते?”

पोटुशी बाईचे डोहाळे मोडू नयेत हे आमच्याकडेही मानतात आणि त्यांच्याकडेही. पण खरं सांगायचं तर मी डोहाळ्यांसाठी निघालो नव्हतो. मला वाटलं, झालं ते झालं, पण जे घेतलं होतं ते निदान तिच्या लेकीच्या घरी पोचवता येईल. अजून वेळ आहे. सकाळी गोलबाजारातून कोवळी अंबाडी घेतली, भिवापुरी मिरची घेतली, जवसाच्या तेलासाठी तीन दुकानं फिरलो. झिंगे वनिताच्या नवऱ्यानं आणून ठेवले होते. बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन मी सगळं मनात घोकत होतो, परीक्षेला निघालेल्या पोरासारखं.

वनिताचं घर दोन खोल्यांचं, गॅसची शेगडी. तिनं कुठून तरी खापर आणि पाटा मिळवून ठेवला होता. साक्षी दारात खुर्चीवर बसून बघत होती. मी झिंगे निवडायला घेतले, वनिताशी गप्पा चालल्या होत्या. थोड्या वेळानं साक्षी म्हणाली, “आजोबा, डोकी काऊन काढून राह्यले? आजी तं ठेवे.”

मी खाली पाहिलं. अर्धी परात बिनडोक्याची झाली होती. मला कळलंही नव्हतं.

म्हटलं, असू दे, उरलेल्यांची ठेवतो. मग मिरची वाटली, ती हातानं कमीच घेतली. आणखी टाकली तर आता जास्त झाली असं वाटलं. किती असायची? मूठ असायची की अर्धी मूठ? तिची मूठ की माझी? अंबाडी पातेल्यात टाकली, उकळी आली आणि मी सरळ पातेलं उचलून पाणी मोरीत ओतलं. ओतून झाल्यावर आठवलं. वनितानं दुसरी जुडी पुढे केली. ती न उकळता घातली तर आंबटपणा एवढा वाढला की तोंड वाकडं झालं. तिच्या हातचं आंबट असायचं, पण असं नसायचं. कशानं आवरायची ती? झिंगे भाजताना आवाज बदलतो म्हणायची, पण कोणत्या आवाजाचा कोणता व्हायचा? मी कान लावून बसलो. खापरावर नुसते झिंगे तडतडत होते.

प्रत्येक गोष्ट मला आठवत होती. तिच्या पाट्याला एका कोपऱ्यावर पडलेला खळगा आठवत होता, सासूचं पुटपुटणं आठवत होतं. पण हाताला काहीच आठवत नव्हतं. हाताला रिसॉर्टचं वळण लागलं होतं आणि आता ते मोडण्याइतकं आयुष्य शिल्लक नव्हतं. शेवटी चव सुधारायला म्हणून मी चिमूटभर गूळ टाकला. वनितानं पाहिलं. मीही तिला पाहताना पाहिलं.

साक्षीला ताट वाढलं. तिनं भात कालवला, मोठा घास घेतला आणि डोळे मिटून चावला. मग डोळे उघडले. लहान पोर, पण शहाणी. “छान झालं आजोबा,” म्हणाली, “एकदम हॉटेलातल्यासारखं.” आणि माझं मन राखायला तिनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

वनितानं आपल्या ताटातला एक घास खाल्ला. मी म्हणालो, “वनिता, हे तुझ्या आईचं नाही. पोरी, माझ्या हातून ते गेलं.” सगळं सांगितलं मी तिला. मॅनेजरनं काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं तेही सांगितलं. एवढ्या वर्षांत मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

तिनं ऐकून घेतलं. हात धुतले, आतून साक्षीच्या कॉलेजची जुनी वही आणली आणि पानाच्या वरती लिहिलं, ‘आईचे झिंगे’.

“सांगा मामा, पयले काय टाकाचं?”

“अगं, पण हे तिचं नव्हे म्हटलं ना.”

“मंग तिचं कुठी हाये?” ती म्हणाली. “बाळ मोठं झाल्यावर साक्षीनं त्याले काय खाऊ घालाचं? आता हेच आईचं म्हणाव लागन.”

मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. गूळ चिमूटभर, तेही तिनं लिहिलं.